बुद्धिबळाची कोडी एक्सएमएलमध्ये: फॉरमॅट आणि साधनं स्वतः तयार करताना

माझ्या सांगलीच्या मामांकडे दोन जाड वह्या आहेत. वर्तमानपत्रांतून, मासिकांतून कापलेली बुद्धिबळाची कोडी डिंकाने चिकटवलेली आणि प्रत्येकाखाली पेन्सिलीने उकल. कागद पिवळा पडून कडा सुटायला लागल्या तेव्हा मामा म्हणाले, "हे सगळं कॉम्प्युटरवर घाल गं, माझ्यामागे कोण उलगडत बसणार?" मी रोज डेटाबेस आणि पार्सरमध्येच वावरते, त्यामुळे हे महिन्याभराचं काम वाटलं. प्रत्यक्षात फॉरमॅट तीनदा मोडून नव्याने बांधावा लागला आणि प्रत्येक वेळी आधी भरलेली कोडी पुन्हा तपासावी लागली. तुमचा तो वेळ वाचावा म्हणून हे लिहिते आहे.

तुम्हाला थोडं प्रोग्रामिंग येतं आणि बुद्धिबळाचे नियम माहीत आहेत, एवढं मी धरून चालले आहे. कोड्यांच्या जगात नवखे असाल तरी हरकत नाही.

आधी हाताशी काय हवं

- युनिकोड नीट दाखवणारा एडिटर. वीएस कोड पुरतो.
- पायथन ३ आणि त्यासोबत एलएक्सएमएल ही लायब्ररी.
- एक्सएमएल, म्हणजे टॅग लावून माहिती लिहायची पद्धत, ती तपासायला एक्सएमएललिंट.
- पॉपाय हा मोफत सॉल्व्हर. १९८० च्या दशकात सुरू झालेला हा प्रोग्राम आजही जोपासला जातो आणि चित्रविचित्र नियमांची कोडीही सोडवतो.
- नेहमीच्या नियमांच्या कोड्यांसाठी पायथन-चेस ही लायब्ररी.
- बदलांची नोंद ठेवायला गिट.
- आणि मूळ कागद. स्कॅन असला तरी कागद टाकू नका. का ते दहाव्या पायरीत येईल.

१. सोप्या नाही, अवघड कोड्यांपासून सुरुवात करा

माझी पहिली चूक इथे झाली. वहीतली पहिली पन्नासेक कोडी "पांढऱ्याची चाल, दोन चालींत मात" अशी होती. त्यांच्यावरून फॉरमॅट ठरवला, तो सुंदर दिसला, आणि एकावन्नाव्या कोड्याला फुटला. त्याखाली "ब) घोडा बी१ वरून सी३ वर" असं छापलं होतं.

म्हणून टॅगचं एकही नाव ठरवण्याआधी दहा कोडी समोर मांडा. त्यात हे प्रकार असलेच पाहिजेत: दोन चालींत मात, हेल्पमेट, म्हणजे दोन्ही बाजू मिळून काळ्याला मात घडवतात ते, सेल्फमेट, म्हणजे पांढरा काळ्याला भाग पाडून स्वतःवर मात ओढवून घेतो ते, अडीच चालींचं हेल्पमेट, एक जुळं कोडं (मांडणीत छोटा बदल करून मिळणारं, सहाव्या पायरीत येईल), नवा मोहरा असलेलं एक, ज्यात एका बाजूचा राजाच नाही असं एक, दोन रचनाकारांचं एक, सालाचा पत्ता नसलेलं एक, आणि छपाईची चूक असलेलं एक. शेवटचं शोधावं लागत नाही, ते आपणहून सापडतं.

२. पीजीएन आणि फेन का पुरत नाहीत

"अहो, पीजीएन आहे की!" हे प्रत्येक बुद्धिबळपटू म्हणतो. पीजीएन १९९३ पासून आहे आणि डाव नोंदवायला उत्तम आहे. मांडणी एका ओळीत लिहायला फेन आहे. तिचं मूळ एकोणिसाव्या शतकातल्या डेव्हिड फोर्सिथ या स्कॉटिश पत्रकाराच्या पद्धतीत आहे. साध्या कोड्याला या दोन्हींनी काम भागतं. पण पीजीएनमध्ये "सेल्फमेट, तीन चाली" ही मागणी सांगायला जागा नाही. जुळ्यांना जागा नाही. नाकतोड्यासारख्या, म्हणजे फक्त कोड्यांसाठी बनवलेल्या, मोहऱ्याला अक्षर नाही.

मराठी माणसासाठी आणखी एक गोची आहे. फेनमध्ये मोठं अक्षर म्हणजे पांढरा मोहरा आणि लहान अक्षर म्हणजे काळा. देवनागरीत लहान-मोठं अक्षर हा प्रकारच नाही. मी सुरुवातीला 'रा, व, ह, उ, घ, प' घेऊन मराठी फेन करायला बसले होते. रंग कशाने दाखवायचा इथेच ते अडलं. तेव्हा ठरवलं की मांडणी ओळीत कोंबायची नाही, प्रत्येक मोहऱ्याला स्वतःचा टॅग द्यायचा. फेन लागली तर ती प्रोग्राम बनवून देईल.

३. मोहरा, रंग, घर

नमुन्याला पॉल मॉर्फी यांचं प्रसिद्ध कोडं घेऊ. ते १८५६ मध्ये न्यूयॉर्क क्लिपरमध्ये छापलं गेलं. पांढरा: राजा सी८, हत्ती ए१, प्यादं बी६. काळा: राजा ए८, उंट बी८, प्यादी ए७ आणि बी७. दोन चालींत मात.

<संग्रह आवृत्ती="१">
  <कोडे>
    <रचनाकार>पॉल मॉर्फी</रचनाकार>
    <प्रसिद्धी वर्ष="१८५६">न्यूयॉर्क क्लिपर</प्रसिद्धी>
    <मागणी प्रकार="मात" अर्धचाली="३" आरंभ="पांढरा"/>
    <मांडणी छापील-मोजणी="३+४">
      <मोहरा रंग="पांढरा" जात="राजा" घर="३८"/>
      <मोहरा रंग="पांढरा" जात="हत्ती" घर="११"/>
      <मोहरा रंग="पांढरा" जात="प्यादे" घर="२६"/>
      <मोहरा रंग="काळा" जात="राजा" घर="१८"/>
      <मोहरा रंग="काळा" जात="उंट" घर="२८"/>
      <मोहरा रंग="काळा" जात="प्यादे" घर="१७"/>
      <मोहरा रंग="काळा" जात="प्यादे" घर="२७"/>
    </मांडणी>
  </कोडे>
</संग्रह>

घरांना मी दोन आकडे दिले आहेत. पहिला स्तंभाचा, दुसरा ओळीचा. ए१ म्हणजे ११, एच८ म्हणजे ८८. ही माझी युक्ती नाही. पत्राने खेळल्या जाणाऱ्या बुद्धिबळात वेगवेगळ्या भाषांच्या खेळाडूंनी गोंधळ टाळायला हीच आकड्यांची पद्धत वापरली. लिपीचा प्रश्नच उरत नाही.

रंग 'होय/नाही' अशा दोन पर्यायांत बांधू नका. कोड्यांच्या जगात तटस्थ मोहरे असतात. ज्याची चाल असेल त्याने ते आपले समजून हलवायचे. 'रंग' हा शब्दच ठेवा, उद्या तिसरी किंमत सहज बसते.

जात लिहिताना एक मराठी सापळा आहे आणि त्यात मी पुरती अडकले. आपल्याकडे उंट म्हणजे तिरका जाणारा मोहरा. परी-बुद्धिबळात, म्हणजे नव्या मोहऱ्यांच्या आणि बदललेल्या नियमांच्या कोड्यांत, मात्र 'कॅमल' नावाचा वेगळाच मोहरा आहे. घोडा दोन-एक घरं उडतो तसा हा तीन-एक उडतो. परदेशी संग्रहातून आयात करताना मी 'कॅमल'चं भाषांतर 'उंट' केलं, आणि डझनभर कोडी सॉल्व्हरच्या मते चुकीची निघाली. आता नेहमीचे सहा मोहरे मराठीत, आणि बाकीच्यांची नावं उच्चाराप्रमाणे: कॅमल, झेब्रा, नाइटरायडर. अपवाद फक्त नाकतोड्याचा, कारण तो कुणाशी आदळत नाही. टी. आर. डॉसन यांनी १९१३ मध्ये आणलेला हा मोहरा वजिराच्या रेषांवर जातो, पण वाटेत एक मोहरा लागतोच. त्यावरून उडी मारून तो लगेच पलीकडच्या घरात उतरतो. छापताना त्याच्यासाठी वजीर उलटा छापतात.

४. टॅग मराठीत ठेवायचे तर हे आधी वाचा

वरचा नमुना कुणाला दाखवला की पहिला प्रश्न येतो: मराठी टॅग चालतात? चालतात. १९९८ मध्ये एक्सएमएल १.० आलं तेव्हापासून नावात देवनागरी अक्षरं वापरता येतात. सुरुवातीची घोषणेची ओळ रोमन लिपीत लिहावी लागते, पण ती नसली तरी यूटीएफ-८ मधली फाईल वैध असते. वरचा नमुना जसाच्या तसा फाईलमध्ये टाकून पार्सरला द्या, वाचला जाईल.

मामांना स्वतः फाईल उघडून चूक दुरुस्त करता यावी म्हणून मी मराठी टॅग निवडले. तो निर्णय मला आजही योग्य वाटतो. पण त्याची किंमत समजून घ्या.

पहिली अडचण 'पांढऱ्या'मधल्या अर्ध्या र ची. हा र तीन तऱ्हांनी टाइप होतो: 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त, र, नुक्ता आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि मागे एक न दिसणारा जोडक. पडद्यावर तिन्ही अगदी सारखे. पार्सर मात्र अक्षरांचे कोड बघतो, रूप नाही. सुरुवातीचा टॅग एका कीबोर्डवरून आणि शेवटचा दुसऱ्या कीबोर्डवरून टाइप झाला तर "टॅग जुळत नाही" असा एरर येतो, आणि तुम्ही दोन्ही शब्द शेजारी ठेवून तासभर बघत राहता. युनिकोडचं एनएफसी रूपांतर केलं की पहिल्या दोन तऱ्हा एक होतात. तिसरी, जोडकाची, तशीच राहते. शिवाय तो अदृश्य जोडक टॅगच्या नावात २००८ च्या पाचव्या आवृत्तीपासून चालतो, त्याआधीच्या नियमांप्रमाणे चालत नाही. म्हणजे एका पार्सरमध्ये फाईल उघडेल, दुसऱ्यात नाही.

माझा नियम: टॅग, ॲट्रिब्यूट आणि ठरावीक किमती यांत असा र येणारा शब्द घ्यायचाच नाही. 'पांढऱ्याची-चाल' नको, 'आरंभ="पांढरा"' हवं. आणि फाईल सेव्ह करण्याआधी एनएफसी रूपांतर नेहमी करायचं.

दुसरी अडचण आकड्यांची. पायथनचा पूर्णांक करणारा फंक्शन '१८' हा देवनागरी आकडा खुशाल वाचतो आणि बरोबर अठरा देतो. त्यामुळे सगळं ठीक आहे असं वाटतं. पण एक्सएमएल स्कीमाचा, म्हणजे फाईलीची रचना तपासणाऱ्या नियमांचा, पूर्णांक प्रकार देवनागरी आकडे नाकारतो, आणि एक्सपाथमध्ये (फाईलीतला हवा तो भाग शोधायच्या भाषेत) त्याच '१८' ची संख्या करायला गेलात तर 'संख्या नाही' असं उत्तर मिळतं. उपाय दोन. स्कीमात पूर्णांकाऐवजी नमुना द्या: '[१-८][१-८]'. एक्सएसएलटीत (एक्सएमएलचं रूप बदलणाऱ्या भाषेत) हिशोब करायचा असेल तर आधी ट्रान्सलेट फंक्शनने आकडे बदलून घ्या. नमुन्यात 'कोणताही अंक' हे संक्षिप्त चिन्ह वापरू नका. त्यात जगातल्या सगळ्या लिप्यांचे अंक बसतात, शिवाय ० आणि ९ सुद्धा. अशा घरांवर उभे असलेले मोहरे माझ्या फाईलीत काही दिवस सुखाने नांदत होते.

तिसरी: जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर तुमच्याकडे असेल तर तो आधी बदलून घ्या. तो पार्सरला चालतो, एररही येत नाही, पण आत निरर्थक रोमन अक्षरं असतात.

५. मागणी अर्धचालींत मोजा

एका बाजूची एक हालचाल म्हणजे एक अर्धचाल. दोन चालींत मात म्हणजे पांढरा, काळा, पांढरा अशा तीन अर्धचाली. हेल्पमेटमध्ये सहसा काळा सुरू करतो, म्हणून दोन चालींचं हेल्पमेट चार अर्धचालींचं. अडीच चालींच्या हेल्पमेटमध्ये पांढरा सुरू करतो आणि अर्धचाली पाच. दोन चालींचं सेल्फमेट पुन्हा चार. अपूर्णांक फाईलीत शिरू देऊ नका. वाचकाला 'अडीच' दाखवायचं काम छपाईच्या प्रोग्रामचं.

मालिका-कोड्यांमध्ये एकच बाजू सलग चालते. तिथे 'मालिका="काळा"' असं वेगळं ॲट्रिब्यूट द्या, हिशोब आपोआप सुटतो.

किल्लेकोटाचंही इथेच सांगते. फेनमध्ये किल्लेकोटाचे हक्क लिहिलेले असतात. कोड्यांची रीत उलटी आहे. रचनाकारांच्या जागतिक संघटनेच्या कोडेक्सप्रमाणे किल्लेकोट शक्य नाही असं सिद्ध होत नसेल, तर तो शक्य आहे असं धरतात. आणि वाटेतलं प्यादं पहिल्याच चालीत मारायचं असेल, तर आधीची चाल दोन घरांचीच होती हे सिद्ध करावं लागतं. म्हणून किल्लेकोटाचं ॲट्रिब्यूट सक्तीचं करू नका. नसलं तर 'रीतीप्रमाणे' असा अर्थ घ्या आणि तसं दस्तऐवजात लिहून ठेवा.

देशी नियमांची जुनी कोडी सापडली तर, म्हणजे प्यादं पहिल्या चालीतही एकच घर जातं आणि राजाला एकदा घोड्याची उडी मिळते अशी, तर कोड्यावर 'नियम="देशी"' लिहा. नाहीतर आजचा सॉल्व्हर त्यांना चुकीचं ठरवेल.

६. जुळी कोडी: इथेच फॉरमॅट टिकतो किंवा तुटतो

जुळं म्हणजे एकाच मांडणीत छोटासा बदल करून मिळणारं दुसरं कोडं. माझा पहिला विचार साधा होता: दोन मांडण्या, दोन कोडी, दोन्हींना एकच क्रमांक. हे करू नका. रचनेचं सौंदर्यच त्या छोट्या बदलात असतं, आणि दोन पूर्ण मांडण्या साठवल्या की बदल काय होता ते हरवतं. शिवाय एका मांडणीत दुरुस्ती केली आणि दुसरीत राहिली की फाईल खोटी होते.

बदल साठवा:

<जुळे नाव="ब">
  <हलवा पासून="२१" पर्यंत="३३"/>
</जुळे>

क्रिया फार नाहीत: हलवा, काढा, ठेवा, अदलाबदल, बदला (त्याच घरातल्या मोहऱ्याची जात), फिरवा (पट नव्वद अंशांत), सरकवा, आणि मागणी बदला. एवढ्यांत मामांच्या दोन्ही वह्या बसल्या.

तीन गोष्टी मात्र पहिल्या दिवशीच ठरवा. एक, 'क' हे जुळं मूळ आकृतीवरून मोजायचं की 'ब' वरून पुढे? दोन्ही प्रकार असतात. माझ्याकडे 'आधार="मूळ"' किंवा 'आधार="मागील"' असं आहे. दोन, काही कोड्यांत छापलेली आकृती स्वतः कोडं नसतेच; 'अ' मध्येही बदल करावा लागतो. अशा वेळी 'अ' हेसुद्धा जुळं म्हणून नोंदवा. तीन, क्रियांचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी हलवा आणि मग फिरवा, याचं उत्तर आधी फिरवा मग हलवा यापेक्षा वेगळं येतं. म्हणून क्रिया टॅगच्या क्रमानेच लागू करा, गटवारी करून नाही.

मला हे कळलं ते एका चार जुळ्यांच्या हेल्पमेटवर. तीन बरोबर सुटत होती, चौथं काही केल्या सुटेना. मामांनी वही हातात घेतली, आकृतीकडे बघितलं आणि म्हणाले, "अगं, हे आधीच्याच्या पुढचं आहे." छापताना संपादकाने तेवढा एक शब्द लिहिला होता, आणि माझ्या फॉरमॅटमध्ये त्याला जागाच नव्हती.

७. उकल झाडासारखी ठेवा

इथे एक्सएमएल मनापासून कामाला येतं. चालीच्या आत उत्तराची चाल, तिच्या आत पुढची.

<उकल>
  <चाल पासून="११" पर्यंत="१६">
    <चाल पासून="२७" पर्यंत="१६">
      <चाल पासून="२६" पर्यंत="२७"/>
    </चाल>
    <कुठेही पासून="२८">
      <चाल पासून="१६" पर्यंत="१७"/>
    </कुठेही>
  </चाल>
</उकल>

म्हणजे किल्लीची चाल (उकल सुरू करणारी पहिली चाल) हत्ती ए६. काळ्याचं ए७ चं प्यादं आता राजासमोर बांधलेलं आहे, ते हलू शकत नाही. बी७ च्या प्याद्याने हत्ती मारला तर पांढरं प्यादं बी७ वर जाऊन मात. उंट कुठेही गेला तर हत्ती ए७ चं प्यादं मारून मात. उंटाला सहा घरं आहेत आणि सहाही ओळी लिहिल्या तर त्या खऱ्या आहेत, पण वाचकाला त्यातली कल्पना दिसत नाही. म्हणून 'कुठेही'.

फसवी किल्ली, म्हणजे जवळपास सगळीकडे चालणारी पण काळ्याच्या एकाच उत्तराने पडणारी चाल, तिलाही वेगळा टॅग द्या. रचनाकाराने ती मुद्दाम घातलेली असते. बढती असेल तर 'बढती="घोडा"'. शह, मात, मारामारी ही चिन्हं साठवू नका, मांडणीवरून ती प्रोग्रामला कळतात.

८. नाव, साल, बक्षीस

साल सक्तीचं करू नका आणि पूर्ण तारखेचा प्रकार लावू नका. कुठे फक्त वर्ष मिळतं, कुठे महिना, कुठे काहीच नाही.

रचनाकार एकापेक्षा जास्त असू शकतात, आणि छापलेलं नाव खरं असेलच असं नाही. १८४५ मध्ये इंग्लंडच्या चेस प्लेअर्स क्रॉनिकलमध्ये एक कोडं आलं. ते दिल्लीहून 'शागीर्द' या नावाने पाठवलेलं होतं. रचनाकार होते हिंदुस्थानात धर्मोपदेशक असलेले हेन्री लव्हडे. कोड्यांच्या इतिहासात ते 'इंडियन प्रॉब्लेम' म्हणून ओळखलं जातं, आणि त्यातल्या कल्पनेला आजही 'इंडियन थीम' म्हणतात. अशा कोड्यासाठी छापील नाव आणि खरं नाव अशा दोन जागा हव्यात. मामांच्या वहीतही टोपणनावं भरपूर आहेत. त्यांची खरी नावं शोधून भरण्याचा मोह मी आवरला. छापलं तेच लिहिलं.

दुसऱ्याच्या कोड्यात सुधारणा करून छापलेलं असेल तर 'दुरुस्ती' म्हणून मूळ कोड्याशी जोडा. मूळ पुसू नका.

९. स्कीमा: काय तपासायचं, काय नाही

स्कीमा लिहायला एक्सएसडी घ्या किंवा रिलॅक्स एनजी, दोन्ही चालतील. मी एक्सएसडी घेतलं, कारण त्यात 'मांडणीत एकच घर दोनदा येऊ नये' हा नियम सरळ लिहिता येतो. एवढ्या एका नियमाने माझ्या निम्म्याहून जास्त टायपिंगच्या चुका पकडल्या.

प्रत्येक रंगाचा एकच राजा, हा नियम मात्र स्कीमात सक्तीने घालू नका. तुमच्या दहा कोड्यांतलं बिनराजाचं कोडं आठवा. तो नियम स्कीमाट्रॉनमध्ये (जादा नियम तपासायच्या वेगळ्या भाषेत) सूचना म्हणून ठेवा: एरर नको, इशारा हवा. पहिल्या आणि आठव्या ओळीतल्या प्याद्याचंही तसंच.

१०. सॉल्व्हरशी पूल बांधा आणि प्रत्येक कोडं सोडवून घ्या

पॉपायला साधी मजकुराची फाईल लागते: कोडं सुरू, मागणी, मोहरे, पर्याय, कोडं संपलं. तुमच्या एक्सएमएलमधून ती बनवणारा प्रोग्राम शंभरेक ओळींत होतो. सापळा अक्षरांचा आहे. इंग्रजी नोंदीतही पॉपायला घोड्यासाठी 'एन' नाही, 'एस' लागतो, कारण कोड्यांच्या जगात 'एन' हे नाइटरायडरचं अक्षर आहे. तुम्ही 'एन' दिलात तर एरर येत नाही. नाइटरायडर पटावर उभा राहतो आणि वेगळंच उत्तर मिळतं. फ्रेंचमध्ये चालवलात तर अक्षरं पुन्हा निराळी. एकच भाषा ठरवा आणि तिचा तक्ता वेगळ्या फाईलीत ठेवा.

सॉल्व्हरचं उत्तर तुमच्या उकलीशी ताडून बघताना पूर्ण झाड जुळायची अपेक्षा धरू नका. तो उंटाच्या सहाही चाली छापेल. किल्लीची चाल एकच आहे ना, आणि तुमची प्रत्येक ओळ त्याच्या उत्तरात सापडते ना, एवढं बघा. दुसरी किल्ली निघाली तर कोडं सदोष आहे किंवा तुमची मांडणी चुकली आहे.

यातलं कोणतं, हे ठरवायला 'छापील-मोजणी' कामी येते. आकृतीखाली '३+४' असं छापायची जुनी पद्धत आहे: पांढरे तीन, काळे चार. मामांच्या वहीतलं एक कोडं तीन चालींत सुटायला हवं होतं, पॉपायने दोन चालींतच सोडवलं. फाईलीत काळे पाच होते, आकृतीखाली सहा छापलेले. स्कॅन कितीही मोठा केला तरी सहावा दिसेना. शेवटी सांगलीला जाऊन वही उघडली. शेजारच्या कात्रणाची कड या आकृतीच्या एच स्तंभावर चिकटली होती. ओल्या बोटाने ती हलकेच उचलली, तर खाली एच५ वर काळं प्यादं. मामा तेव्हा काही बोलले नाहीत, चष्मा पुसत राहिले. तीस वर्षं ते कोडं त्यांना सदोष वाटत होतं.

११. आकृती

युनिकोडमध्ये बुद्धिबळाचे बारा मोहरे पहिल्यापासून आहेत आणि २०१९ च्या बाराव्या आवृत्तीत उलटे-आडवे मोहरेही आले. तरी मजकुरातून पट बनवू नका. काळं प्यादं अनेक फोनवर इमोजी होऊन येतं, बाकीच्यांपेक्षा मोठं आणि वेगळ्या रंगाचं. एसव्हीजी काढा, नेहमीच्या मोहऱ्यांसाठी पायथन-चेस ते तयार देतं, नाकतोड्यासाठी वजिराचं चित्र १८० अंशांत फिरवा. पुस्तक छापायचं असेल तर लाटेकमध्ये खास कोड्यांसाठी 'डायग्राम' नावाचं पॅकेज आहे.

१२. देवाणघेवाण

तुमची फाईल फक्त तुमच्याच प्रोग्रामला वाचता येत असेल तर ती दुसरी चिकटवही झाली. वायएसीपीडीबी या मोफत संग्रहाची नोंद यॅमलमध्ये असते, ती आयात-निर्यात करणारा छोटा प्रोग्राम जरूर लिहा. 'डी श्वाल्बे' या जर्मन मासिकाशी जोडलेला पीडीबी सर्व्हरही शोधासाठी अमोल आहे. वहीतल्या निनावी कोड्यांचे रचनाकार मला बहुतेक तिथेच सापडले.

संग्रहात दोनदा आलेली कोडी शोधायची असतील तर मांडणीची आरशातली रूपंही ताडून बघा. पटावर प्यादी नसतील तर आठ रूपं होतात. प्यादी असतील तर फक्त डावी-उजवी अदलाबदल चालते, तीही किल्लेकोटाचा संबंध नसेल तरच.

आणि तुम्ही स्वतः कोडी रचत असाल तर स्वतःची अप्रकाशित कोडी वेगळ्या फाईलीत, वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि ते फोल्डर गिटच्या सार्वजनिक साठ्यात जाणार नाही असं आधीच बांधून घ्या. स्पर्धांना आणि मासिकांना कुठेही न छापलेली रचना लागते, आणि इंटरनेटवर टाकलेलं छापल्यातच जमा धरतात. मामांची स्वतःची चार कोडी दुसऱ्या वहीच्या शेवटच्या पानावर होती. ती मी अजून कुठेही टाकलेली नाहीत. तीन पॉपायमधून बरोबर निघाली, चौथ्याला दुसरी किल्ली आहे. एक प्यादं सरकवून ती बंद होते का, ते दोघं मिळून बघतो आहोत.